आर्डिस सोलबर्गच्या डोक्यातली तुती

आर्डिस सोलबर्गचा आवाज आमच्या काउंटीत सगळ्यांच्या ओळखीचा होता, चेहरा फार थोड्यांच्या. शेरीफच्या ऑफिसमागे एक बिनखिडकीची खोली आहे. तिथे बसून ती संकटातल्या माणसांचे फोन घ्यायची. डोक्यावर हेडफोन, समोर भिंतभर नकाशा, हाताशी थंड झालेली कॉफी. शेजारच्या खुर्चीवर मी बसायचे, म्हणून यातलं बरंचसं मला ठाऊक आहे. उरलेलं तिनं नंतर सांगितलं, एकेक शब्द शोधत.

अमेरिकेच्या उत्तरेकडची, रेड नदीच्या खोऱ्यातली आमची जमीन टेबलासारखी सपाट आहे. मैलभर लांबून येणारी गाडी दिसते, वादळ तर सकाळपासून दुपारपर्यंत येतच असतं. लपायला कुठे जागा नाही, म्हणून की काय, माणसं सगळं आत लपवतात. कुणाकडे गेलं आणि त्यांनी कॉफी विचारली की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारली की उगाच कशाला त्रास, म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारली तर अर्धा कप चालेल म्हणून घ्यायची आणि मग दोन कप प्यायचे. एकदाच विचारून थांबणारा माणूस परगावचा, हे लगेच ओळखू येतं.

मरणाच्या दारातही आमचे लोक असेच बोलतात. एका ऑक्टोबरात, साखरबीटच्या हंगामात, एका बाईचा फोन आला. घाई काही नाही, पण आमच्या बाजूनं कुणी जाणार असेल तर जरा डोकावून जायला सांगा, असं ती म्हणाली. आर्डिसनं विचारलं, सगळं ठीक ना? ठीकच, म्हणाली. कुणाला लागलंय का? थोडंसं. मग आर्डिसनं आवाज खाली आणून, जणू शेजारच्या बाकावर बसली आहे अशा सुरात, तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा कुठे त्या बाईनं सांगितलं की नवऱ्याचा हात खांद्यापर्यंत यंत्राच्या पट्ट्यात ओढला गेलाय आणि तो आता उत्तर देत नाहीये.

मी नवी होते तेव्हा आर्डिस मला म्हणाली होती, "लोक काय बोलतात ते सोड. बोलून झाल्यावर श्वास कसा घेतात ते ऐक."

तो माणूस वाचला. असे कितीतरी वाचले. त्या खोलीत बसून तिनं सबंध काउंटीची भीती ऐकली होती, आणि स्वतःची कधी कुणाला ऐकवली नव्हती.

सुरुवात ओठाच्या उजव्या कोपऱ्यापासून झाली. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर तोंड कसं बधिर होतं, तसं मधूनच व्हायचं. मग जिभेचं टोक जाड व्हायचं. मग, अगदी थोडा वेळ, शब्द यायचे नाहीत. समोरचा काय म्हणतोय ते सगळं कळायचं, आपल्याला काय म्हणायचंय तेही कळायचं, पण मधलं दार लागलेलं. थोड्या वेळानं दार आपोआप उघडायचं आणि ती पुढचं वाक्य बोलायची, काही झालंच नाही अशी.

ती दाताच्या डॉक्टरकडे गेली. ओठ जरा झोपतो, फार नाही, असं सांगितलं. त्यानं एक दाढ कोरून भरली. पुन्हा गेल्यावर विचारलं, आता बरं? बिचाऱ्यानं एवढी मेहनत घेतली, त्याला वाईट वाटू नये म्हणून ती म्हणाली, खूपच बरं. तिसऱ्या खेपेला त्यानं दाढ काढूनच टाकली. तेव्हाही ती बरं म्हणाली, आणि ख्रिसमसला त्याला बिस्किटांचा डबा पाठवला.

दाढ गेली, पण दार लागायचं थांबलं नाही. तिनं कुणालाच सांगितलं नाही, वर्लिनलाही नाही. वर्लिन हा तिचा नवरा, रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा ट्रक चालवायचा. दोघांचा संसार चांगला होता. बोलणं फार नसायचं, पण जे असायचं ते थट्टेचं.

तिला कशाची भीती होती ते मला फार उशिरा कळलं. मरणाची नव्हती. तिचे वडील पन्नाशीत एका सकाळी गोठ्यात पडले आणि उठले ते एकच शब्द घेऊन. ठीक. भूक लागली तरी ठीक, अंथरूण ओलं झालं तरी ठीक, बायको गेली त्या दिवशीही, डोळ्यांतून पाणी गळत असताना, ठीक. कित्येक वर्षं ते खिडकीजवळच्या खुर्चीत तो एक शब्द सांभाळत बसले होते. मूळचे अबोल, त्यामुळे फरक लक्षात यायलाच गावाला महिना लागला, असं लोक हसून सांगायचे. आर्डिसही हसायची. पण त्या डोळ्यांमागे पूर्ण माणूस शिल्लक होता, हे तिनं पाहिलं होतं. आत सगळं शाबूत, आणि बाहेर यायला एकच फट.

फेब्रुवारीत एक फोन आला. घराच्या धुराड्यात आग लागलेली, बाई मुलांना घेऊन कुठे उभी राहू विचारत होती. आर्डिसनं तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. तिचा उजवा गाल हलताना मला दिसला, बारीक, माशाच्या कल्ल्यासारखा. डोळे माझ्याकडे. ते डोळे मी आजही विसरू शकत नाही, कारण ते अगदी शांत आणि समजूतदार होते. मी फोन माझ्याकडे ओढला. मुलं वाचली, घर अर्धं जळलं. आर्डिस थोड्या वेळानं म्हणाली, "घसा जरा कोरडा पडला होता." शेरीफनं मात्र तिला त्याच दिवशी खुर्चीवरून उठवलं आणि तपासून आल्याशिवाय परत बसायचं नाही म्हणून सांगितलं.

मिनिआपोलिसच्या मोठ्या हॉस्पिटलात तिला एमआरआयच्या नळीत घातलं. नंतर एका अंधाऱ्या खोलीत उजळलेल्या पडद्यासमोर तिला आणि वर्लिनला बसवलं. डॉक्टरांचं नाव ल्युबिन. न्यू यॉर्ककडचा माणूस, घाईत बोलायचा, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत पुढचं सुरू करायचा. कवटी आणि मेंदूचे जे आजार वर्षात क्वचितच कुणाला होतात, ते सगळे याच्याकडे यायचे. त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. डाव्या बाजूला, कपाळाच्या थोडं मागे, एक दाणेदार काळसर ठिपका होता. तुतीएवढा, आणि दिसायलाही तुतीच. पातळ भिंतींच्या रक्तवाहिन्यांचा गुच्छ, जन्मापासूनचा असेल, डॉक्टर म्हणाले. भोवती काळं कडं होतं. ते काय, असं वर्लिननं विचारलं.

"गंज," डॉक्टर म्हणाले. "रक्तातलं लोखंड. ही तुती मधूनमधून पाझरते. तो डाग मेंदूला चिडवतो, मग फिट येते तसा छोटा झटका येतो. दाताचा इथे काही संबंध नाही."

आर्डिसची जीभ आपोआप काढलेल्या दाढेच्या खड्ड्यात गेली.

घरात कुणाला असं काही होतं का, असं त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं, वडिलांना उतारवयात बोलायला जरा त्रास व्हायचा.

"जरा?" वर्लिन म्हणाला. "अगं, तो माणूस पन्नाशीपासून एक शब्द बोलत बसला होता."

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. त्यांनी खुर्ची वळवून पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. असला गुच्छ कधीकधी घराण्यातून उतरतो, म्हणाले. वडिलांच्या डोक्यातही बहुधा हेच होतं आणि एका सकाळी ते पाझरण्याऐवजी फुटलं. मग त्यांनी न थांबता बाकीचं सांगितलं. तुती राहू दिली तर हिचीही कधीतरी फुटेल, कधी ते सांगता येत नाही. काढायची तर ती शब्दांच्या जागेला खेटून आहे. प्रत्येकाच्या मेंदूत ती जागा थोडी वेगळीकडे असते, वरून बघून कळत नाही. म्हणून कवटी उघडल्यावर तिला जागं करायचं आणि बोलतं ठेवायचं.

"माझ्या हातातल्या हत्याराला शब्द दिसत नाहीत," ते म्हणाले. "मला तुमच्या तोंडातूनच कळणार. जीभ जड झाली, ओठ झोपला, काहीही वेगळं वाटलं की त्या क्षणी सांगायचं. सांगाल?"

"हो."

"काही शंका?"

"नाही."

बरं, म्हणून ते उठून गेले. तिच्याकडे पोतंभर शंका होत्या. ती दाराकडे बघत राहिली. ते पुन्हा विचारायला येतील असं तिला खरंच वाटलं होतं.

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना पांढरं, वर पांढरं, मध्ये काळा रस्ता. वर्लिन म्हणाला, "डोकं उघडणारच आहेत तर माझ्या निळ्या जाकिटातल्या किल्ल्या तिथं आहेत का बघायला सांग. तूच कुठेतरी ठेवल्यास." ती हसली. त्यानं क्षणभर खिडकीकडे तोंड फिरवलं आणि पुढे गावापर्यंत गाडी चालवत राहिला.

मधल्या आठवड्यांत चर्चच्या बायका हॉटडिशची, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या घरच्या जेवणाची, भांडी घेऊन येत राहिल्या. कशी आहेस, विचारलं की आर्डिस मजेत म्हणायची. कुणी पुढे विचारलं नाही. एरवी तीनदा विचारणारी माणसं या एका गोष्टीत एकदाच विचारून निघून जात होती. उत्तर खरं आलं असतं तर त्याचं काय करायचं, हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. मी पण भांडं ठेवून आले.

ऑपरेशनच्या टेबलावर जाग आली तेव्हा तिला आधी थंडी कळली. मग डोकं हलत नाही हे कळलं. ते तीन टोकांच्या लोखंडी चिमट्यात घट्ट धरलेलं होतं. तोंडावरून निळं कापड तंबूसारखं ताणलेलं, आणि त्या तंबूत तिच्यासमोर एक बाई बसलेली. शेरी तिचं नाव, रुग्णांशी बोलत राहणं हेच तिचं काम. शेरीनं तिचा हात धरला होता. दुखत नव्हतं. मेंदूला स्वतःचं काही दुखत नाही, हे आधी सांगितलेलं होतं आणि तेच सगळ्यात भयंकर वाटत होतं. कापडाच्या पलीकडे माणसं हळू आवाजात बोलत होती, आणि ती ज्या वस्तूबद्दल बोलत होती ती वस्तू म्हणजे आपणच, हे तिला कळत होतं.

शेरी चित्रं दाखवू लागली. घोडा. छत्री. पाण्याचा नळ. आर्डिस नावं सांगत होती आणि डॉक्टर विजेच्या बारीक सळईनं मेंदूला ठिकठिकाणी स्पर्श करत होते. एका चित्रावर ती अडली. समोर शिडी होती. शिडी दिसत होती, शिडीवर चढल्याचं आठवत होतं, पण नाव नव्हतं. डॉक्टरांनी सळई उचलली आणि शिडी परत आली. ती जागा त्यांनी कागदाचा कपटा ठेवून राखून ठेवली. एका माणसाच्या हातात एवढं असावं, तिला वाटलं. बोट टेकवलं की जगातून शिडी नाहीशी.

मग काढणं सुरू झालं. चित्रं संपली. शेरीनं सांगितलं, आता नुसतं बोलत राहा, काहीही. आर्डिस बीटच्या हंगामाबद्दल बोलू लागली. कुणाचं शेत कुठे संपतं, चिखलात कुणाचा ट्रक रुतला होता.

बोलता बोलता ओठाचा उजवा कोपरा झोपला.

तिनं वाक्य पुरं केलं. वरून डॉक्टरांचा आवाज आला, "आर्डिस, सगळं ठीक?"

"ठीक आहे."

"छान." आणि हत्याराचा तो बारीक शोषल्यासारखा आवाज पुन्हा सुरू झाला.

तिला खोटं बोलायचं नव्हतं. पण इतकी माणसं कामात होती. इतक्या बारीक कामात मध्येच त्यांना थांबवायचं, तेही ओठाच्या एका कोपऱ्यासाठी? आणखी थोडं बघू, असं तिला वाटलं. ते परत विचारतील तेव्हा सांगू. ती परत विचारण्याची वाट बघत बीटबद्दल बोलत राहिली. जिभेचं टोक जाड झालं. ट्रकवाल्याचं आडनाव म्हणताना पहिलं अक्षर दोनदा आलं. शेरीच्या चेहऱ्यावर काही हललं, पण ती वाट बघत होती. माणसं अडखळतातच. वरून कुणी काही विचारलं नाही. आणि तिला कळलं, हा माणूस पुन्हा विचारणार नाही. यानं विचारलं होतं. याला उत्तर मिळालं होतं. याच्या गावात माणसं जे वाटतं तेच सांगतात, आणि हा त्या उत्तराच्या भरवशावर तिच्या डोक्यात पुढे सरकत होता.

तेव्हा तिला स्वतःचा मघाचा आवाज आठवला. ठीक आहे. म्हणून झाल्यावर श्वास अर्ध्यावर तुटला होता. असा श्वास तिनं हेडफोनमधून आयुष्यभर ऐकला होता. पट्ट्यात हात गेलेल्या माणसाच्या बायकोचा, बर्फाखालच्या गाडीतल्या मुलाचा. आणि तो शब्द तर तिच्या बापाचा होता, उरलेला एकुलता एक. आता याच क्षणी तोच शब्द तिच्याही तोंडात उरणार होता.

दार लागायला लागलं होतं. ती भीती तिनं मला सांगितली तेव्हा तिचे हात मांडीवर एकमेकांत रुतले होते. म्हणाली, विहिरीचं झाकण ओढतात तसं, उजेडाची फट बारीक होत जाते आणि तुला माहीत असतं की ओरडायचं तर आत्ताच.

"थां," ती म्हणाली. मग पुन्हा, "थांबा. मी... खोटं बोलले. ओठ. जीभ."

पलीकडचा आवाज तत्काळ बंद झाला. गार पाणी, असं डॉक्टर म्हणाले, आणि कुणीतरी उघड्या मेंदूवर बर्फासारखं गार पाणी ओतलं. झटका थांबावा म्हणून ओततात. पाण्याचा ओघ तिला ऐकू आला, आतून. शेरीनं हात इतका आवळला की बोटांची हाडं एकमेकांवर आली. यंत्र तिचं हृदय मोजत होतं.

"आर्डिस," डॉक्टर ल्युबिन म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच घाई नव्हती. "कधीपासून?"

तिनं तोंड उघडलं, पण ते रिकामं होतं. तिनं डोळ्यांनी शेरीला सांगायचा प्रयत्न केला. शेरीनं वर बघून हळूच नाही अशी मान हलवली. एवढं आठवतं. मग भुलीचं औषध वाढवलं आणि निळा तंबू विझला.

तुती अख्खी निघाली, असं डॉक्टरांनी वर्लिनला बाहेर येऊन सांगितलं. त्यांनी दुसऱ्या बाजूनं वाट काढली होती. पण शब्दांच्या बाजूचा गंज त्यांनी तसाच ठेवला, त्याला हात लावायची हिंमत झाली नाही. तो तिथेच राहणार, म्हणजे झटके पुन्हा येऊ शकतात, म्हणजे फोनच्या खुर्चीवर ती परत बसू शकणार नाही. आणि ती बोलेल का, असं वर्लिननं विचारलं. डॉक्टर म्हणाले, सूज उतरल्यावर कळेल. ती आणखी थोडा वेळ गप्प राहिली असती तर मला कळायला काही मार्गच नव्हता, असंही म्हणाले. वर्लिन टोपी हातात फिरवत उभा राहिला.

बरेच दिवस ती बोलली नाही. मी भेटायला गेले तेव्हा ती उशाशी टेकून बसली होती, डोक्याला पांढरं बांधलेलं, आणि माझ्याकडे बघत होती. सगळं कळणारे डोळे. मी हवामानाबद्दल बोलले, ऑफिसबद्दल बोलले, आणि मग माझंही बोलणं संपलं. खोलीत दोन माणसं होती आणि त्यातल्या एकाला बाहेर यायला दार नव्हतं. मी लवकर निघाले. लिफ्टमध्ये मी माझं स्वतःचं नाव मोठ्यानं म्हणून पाहिलं.

वर्लिन मात्र सोडून गेला नाही. तिच्या वाटचंही तोच बोलायचा. एका दुपारी नर्सला सांगत होता की आमचं लग्न झालं तेव्हा असं वादळ होतं की पाद्री घोड्यावरून आला.

"ट्रॅक्टर," पलंगावरून आवाज आला.

नर्सच्या हातातली पट्टी तशीच राहिली. वर्लिन वळला.

"घोडा... नव्हता. ट्रॅक्टर."

नर्स डॉक्टरांना बोलवायला धावली. मध्ये जो थोडा वेळ मिळाला त्यात आर्डिस पुन्हा बोलली. एकेक शब्द वजन करून खाली ठेवल्यासारखा. "वर्लिन. मला भीती वाटते."

लग्नानंतर इतक्या वर्षांत हे वाक्य त्यानं कधी ऐकलं नव्हतं. काहीतरी थट्टा ओठांवर आली असेल, ती त्यानं गिळली. "किती?" त्यानं विचारलं.

"खूप."

त्यानं खुर्ची फरशीवर करकरत ओढून पलंगाला भिडवली आणि बसला.

डॉक्टर आले. पेन दाखवलं, पेन म्हणाली. घड्याळ. खिडकी. नाक. मग त्यांनी तिच्या हाताच्या मधल्या सांध्यावर टिचकी मारली. तिनं तिकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. हात दुमडला, उघडला.

"येईल," डॉक्टर म्हणाले. मग दारापाशी जाऊन परत वळले आणि विचारलं, काही शंका आहेत का, खरंच. तिनं हो म्हटलं. ते पुन्हा बसले आणि ती विचारत राहिली, चुकत, थांबत, संध्याकाळ होईपर्यंत.

याला आता काही वर्षं झाली. तिच्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसते. आर्डिस घरी असते. झटके वर्षातून एखाद-दोन येतात, आणि आला की ती वर्लिनला लगेच सांगते, तो जेवत असला तरी. रोज सकाळी ती घरभर फिरून वस्तूंना हात लावत त्यांची नावं मोठ्यानं म्हणते. कढई, कडी, पायपुसणं, दिवा. काल होतं ते आज असेलच असं तिला वाटत नाही. हाताच्या त्या सांध्याचा शब्द अजून आलेला नाही. वर्लिननं तो कितीदा सांगितला, मीही सांगितला. ती ऐकते, आमच्या मागून म्हणते, आणि वळेपर्यंत तो गेलेला असतो. जिथून तो गेला तिथे काय आहे, असं मी तिला विचारलं एकदा. ती विचार करून म्हणाली, "काही नाही. आणि ते ‘काही नाही’ जरा जरा मोठं होतंय का, तेच मी बघत असते."